जळीत रुग्णाचा जबाब आणि डॉक्टरांची एक ओळ

जिल्हा रुग्णालय, रात्रीचा दीड. कॅज्युअल्टीच्या दारात रिक्षा थांबते. चादरीत गुंडाळलेली एक विवाहिता, सोबत नवरा, सासू आणि शेजारचे दोघे. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ उत्तर सोबतचे लोक देतात, ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ बाई काही बोलत नाही. डॉक्टर शीर शोधण्यात गुंतलेला असतो, कारण भाजलेल्या हाताची शीर सापडत नाही आणि सलाईन तर ताबडतोब सुरू करायचे असते. केस पेपरवर तो घाईने लिहितो, ‘घरी स्टोव्हमुळे भाजले. रुग्ण शुद्धीवर.’ सकाळी माहेरची माणसे येतात. त्यांच्याजवळ ती सांगते, नवऱ्याने अंगावर रॉकेल ओतले आणि काडी लावली. पाचव्या दिवशी ती जाते.

हे कोण्या एका रुग्णालयातले दृश्य नाही. सरकारी रुग्णालयाच्या जळीत विभागात काम केलेल्या बहुतेक डॉक्टरांनी ते या ना त्या रूपात पाहिलेले असते. त्यांना सहसा दिसत नाही तो याचा पुढचा भाग. सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालतो, जन्मठेप होते, आरोपी उच्च न्यायालयात अपील करतो, तिथून प्रकरण कधी सर्वोच्च न्यायालयात जाते. मधे कित्येक वर्षे गेलेली असतात. अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायमूर्तींपुढे असते ते पेपरबुक, म्हणजे खालच्या न्यायालयातल्या साक्षी आणि कागदपत्रांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात रात्री दीड वाजता लिहिलेल्या त्या दोन ओळीही असतात आणि निकाल अनेकदा त्यांच्याभोवतीच फिरतो.

साक्षीदार एकच, आणि तोही हयात नाही

घराच्या चार भिंतींत झालेल्या हिंसेला बाहेरचा साक्षीदार नसतो. जे हजर असतात ते बहुधा आरोपी तरी असतात, नाहीतर आरोपीचे नातेवाईक. म्हणून मरणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या मृत्यूच्या कारणाबद्दल जे सांगितले, ते कायदा पुरावा म्हणून स्वीकारतो. १८७२च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम ३२मध्ये होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २६मध्ये आहे. यालाच मृत्युपूर्व जबाब म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या नियमाप्रमाणे, मरण समोर दिसत असताना सांगितलेलेच ग्राह्य धरले जाई. भारतीय कायद्यात ती अट नाही. आपण वाचू अशी आशा बाळगून दिलेला जबाबही चालतो.

मृत्युपूर्व जबाब विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्या आधारावर, दुसरा पुरावा नसतानाही, शिक्षा होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५७मध्ये खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या नागपूरच्या खून खटल्यात स्पष्ट केले. आजही अशा अपिलांत त्याच निकालाचा दाखला दिला जातो. पण या जबाबात एक उणीव आहे. तो शपथेवर दिलेला नसतो आणि ज्याने दिला त्याची उलटतपासणी करता येत नाही. म्हणून न्यायालय तो बारकाईने तपासते. जबाब देणाऱ्याची मनःस्थिती ठीक होती का? कोणी पढवले तर नव्हते? जे सांगितले तेच लिहिले गेले का? यातला पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे.

‘शुद्धीवर’ म्हणजे ‘सक्षम’ नव्हे

१९९९मध्ये आंध्र प्रदेशातून आलेले पापारांबाका रोसम्मा यांचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे होते. जळून मृत्यू पावलेल्या स्त्रीचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. तिला नव्वद टक्के भाजलेले होते. डॉक्टरांचा शेरा एवढाच होता की, जबाब नोंदवताना रुग्ण शुद्धीवर आहे. न्यायालय म्हणाले, वैद्यकशास्त्रात शुद्धीवर असणे आणि जबाब देण्याइतकी मनःस्थिती ठीक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीबद्दल डॉक्टरांनी काहीच लिहिलेले नाही. शिक्षा रद्द झाली.

त्याच वर्षी गुजरातच्या कोळी चुनीलाल सावजी यांच्या अपिलात न्यायालयाने वेगळा सूर लावला. डॉक्टरांचा शेरा ही खबरदारी आहे. दंडाधिकाऱ्यांनी स्वतः खात्री करून घेतली असेल तर केवळ शेरा नाही म्हणून जबाब फेटाळायचे कारण नाही, असे तो निकाल सांगतो. एकाच प्रश्नावर एकाच न्यायालयाची दोन मते झाली.

हा पेच सुटला तो महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलात. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातही जळालेल्या स्त्रीचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी घेतला होता आणि डॉक्टरांचा शेरा पुन्हा ‘रुग्ण शुद्धीवर’ एवढाच होता. मात्र दंडाधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितले होते की, ड्युटीवरच्या डॉक्टरांमार्फत रुग्णापर्यंत पोचून त्यांनी आधी काही प्रश्न विचारले, ती बोलू शकते का हे पडताळले आणि खात्री पटल्यावरच जबाब लिहिला. २००२मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कोळी चुनीलाल निकाल योग्य ठरवला. केवळ शेऱ्यातल्या शब्दांवर अडून बसणे हा अति-तांत्रिक दृष्टिकोन आहे, रोसम्मा निकाल त्या मुद्द्यावर बरोबर नव्हता, असे पीठाने म्हटले. आज हाच कायदा आहे.

यातून काही डॉक्टरांनी सोयीचा अर्थ काढला की, आता आपल्या शेऱ्याला महत्त्व नाही. ते चूक आहे. घटनापीठाने एवढेच सांगितले की, शेरा नसला तरी इतर खात्रीलायक पुरावा असेल तर जबाब टिकू शकतो. पण तो इतर पुरावा प्रत्येक प्रकरणात असेलच असे नाही. शिवाय शुद्धीवर असणे आणि सक्षम असणे यांतला वैद्यकीय फरक कोणत्याही निकालाने पुसला जात नाही. हा फरक शरीरात कसा घडतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

नव्वद टक्के भाजलेला माणूस बोलू शकतो?

बचाव पक्षाचा हा नेहमीचा प्रश्न, आणि ऐकणाऱ्याला तो पटतोही. टक्केवारी डॉक्टर काढतात ती ‘नवाच्या नियमा’ने. प्रौढ माणसाचे डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, छाती-पोट मिळून १८, पाठ व कंबर १८, प्रत्येक पाय १८ आणि गुप्तांगाचा भाग १ टक्का. म्हणजे ही टक्केवारी त्वचेच्या पृष्ठभागाची असते, मेंदूची नव्हे. आग त्वचा जाळते. मेंदू लगेच बंद पडत नाही. म्हणूनच खूप भाजलेला रुग्ण पहिल्या काही तासांत बोलतो, पाणी मागतो, मुलांची चौकशी करतो.

याहून चकवणारी गोष्ट वेदनेची. वरवर भाजले की आग आग होते, कारण मज्जातंतूंची टोके शाबूत असतात. त्वचेची पूर्ण जाडी जळाली तर ती टोकेही जळतात आणि तेवढा भाग बधिर होतो. खोल भाजलेली स्त्री म्हणूनच शांत दिसू शकते. तिच्या शांतपणावरून इजा किरकोळ आहे असे समजणे चूक, आणि इजा मोठी म्हणजे ती बोलूच शकणार नाही असे समजणेही चूक.

न्यायालयांनीही हे मान्य केले आहे. १९९२मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात ९९ टक्के भाजलेल्या व्यक्तीचा जबाब सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. २००३मध्ये कर्नाटकातल्या पी. व्ही. राधाकृष्ण प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्केवारीवरून ठरवता येईल असा सरसकट नियम नाही. भाजण्याचे स्वरूप, शरीराचा कोणता भाग भाजला आणि विचार करण्याच्या व सांगण्याच्या शक्तीवर त्याचा काय परिणाम झाला, हे पाहावे लागते.

मग मन ढळते कशाने?

पहिले कारण धूर. बंद खोलीत आग लागली तर कार्बन मोनॉक्साइड वायू फुफ्फुसात जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. रुग्ण डोळे उघडे ठेवून, तरीही गोंधळलेला असू शकतो. जोरात ऑक्सिजन दिल्यावर काही तासांत तो सावरतोही. आल्या आल्या गोंधळलेला रुग्ण नंतर सक्षम होऊ शकतो, तो असा.

दुसरे कारण शॉक. जळालेल्या भागातल्या केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव झिरपू लागतो. ही गळती पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असते. पार्कलँड सूत्राप्रमाणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर द्रव द्यावा लागतो. ५० किलो वजनाची, ६० टक्के भाजलेली स्त्री घेतली तर हा हिशेब १२ लिटर होतो, आणि त्यातला निम्मा भाजल्यापासून पहिल्या आठ तासांत जायला हवा. सलाईन मागे पडले की रक्तदाब उतरतो आणि रुग्ण गुंगू लागतो.

तिसरे, चेहरा आणि घसा भाजला असेल तर काही तासांत श्वासमार्गाला सूज येते. श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि बोलणे तिथेच थांबते. पुढे बोलायची संधी मिळेलच असे नाही.

चौथे, औषधे. वेदनेसाठी मॉर्फिन किंवा तत्सम इंजेक्शने, ड्रेसिंगच्या वेळी केटामाइन, झोपेची औषधे. ही माणुसकीने द्यायचीच असतात. जबाबासाठी रुग्णाला तळमळत ठेवणे कोणत्याही नीतीत बसत नाही. पण कोणते औषध किती वाजता दिले आणि जबाब किती वाजता घेतला, हे दोन्ही कागदावर हवे. २०११मध्ये हरियाणातल्या सुरिंदर कुमार यांच्या अपिलात हाच मुद्दा आला. भाजलेल्या स्त्रीला गुंगी आणणारी इंजेक्शने दिलेली होती आणि जबाबाच्या वेळची मनःस्थिती समाधानकारकपणे सिद्ध झाली नाही. आरोपी सुटला.

पाचवे कारण संसर्ग. तीन-चार दिवसांनंतर जखमांतून जंतू रक्तात पसरतात, सोडियमसारख्या क्षारांचे प्रमाण बिघडते आणि डिलिरियम, म्हणजे भ्रमाची अवस्था येते. तिचे लक्षणच असे की ती कमीजास्त होत राहते. सकाळी दहाला नीट बोलणारा रुग्ण रात्री दहाला भिंतीवर माणसे दिसतात म्हणतो. म्हणून ‘सकाळी तपासले होते’ हे संध्याकाळच्या जबाबाला पुरत नाही.

पहिली हकीकत कोणाची?

सुरुवातीच्या दृश्यातली सर्वांत मोठी चूक औषधोपचाराची नव्हती. ‘घरी स्टोव्हमुळे भाजले’ असे लिहिताना हे कोणी सांगितले, ते डॉक्टरांनी लिहिले नाही. रुग्णाने स्वतः डॉक्टरांना सांगितलेली हकीकतही मृत्युपूर्व जबाब म्हणून वाचली जाऊ शकते. अपिलात बचावाचे वकील म्हणणार, बाईने आधी अपघात सांगितला, माहेरचे आल्यावर जबाब फिरवला. ती तर गप्प होती, बोलला नवरा. पण कागद ते सांगत नाही आणि डॉक्टरलाही इतक्या वर्षांनी आठवत नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. कायद्याने तो मिळायलाच हवा.

खरोखर तिने स्वतःच अपघात म्हटले असेल, तरी त्याचे कारण शोधावे लागते. नवरा उशाशी उभा असतो. मुले सासरीच असतात. आपण वाचलो तर याच घरात परत जायचे आहे, हे तिला ठाऊक असते. मरण समोर आहे हे कळते तेव्हा भीतीची गणितेही बदलतात. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. शोकाने आणि संतापाने पेटलेली माहेरची माणसे नकळत शब्द पुरवू शकतात, आणि खरा अपघात खून ठरू शकतो. दोन्हींवर उपाय एकच : विचारताना खोलीत ना सासरचे हवेत ना माहेरचे.

कागद कसा असावा

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जबाब घेण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाला नाव, ठिकाण, वार, सोबत कोण आहे हे विचारावे. वीसपासून उलटे आकडे मोजायला सांगावे. साधी सूचना पाळता येते का पाहावे. ग्लासगो कोमा स्केल ही १९७४पासून जगभर वापरली जाणारी मोजपट्टी डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देते. तो आकडा लिहावा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, शेवटचे वेदनाशामक कोणते आणि कधी, हेही लिहावे. मग ‘रुग्ण शुद्धीवर असून, वेळ, स्थळ व व्यक्तींचे भान आहे, प्रश्न समजून सुसंगत उत्तरे देतो, जबाब देण्यास सक्षम आहे’ असा शेरा, सही, नाव आणि वेळ. जबाब संपल्यावर पुन्हा तपासून, संपूर्ण जबाबादरम्यान रुग्ण सक्षम होता, असा दुसरा शेरा. ही दोन मिनिटांची तपासणी आहे.

जबाब शक्यतो दंडाधिकाऱ्यांनी घ्यावा, प्रश्नोत्तरांच्या रूपात, रुग्णाच्याच शब्दांत. ती अहिराणी बोलत असेल तर अहिराणीत, कोकणी बोलत असेल तर कोकणीत. ते पोचेपर्यंत प्रकृती ढासळेल असे वाटले तर डॉक्टर स्वतः जबाब लिहून घेऊ शकतात, आणि घ्यावा. अंगठ्याचा ठसा कोणत्या हाताचा, बोट भाजलेले होते का, याचीही नोंद हवी. पंजाबातल्या एका प्रकरणात शंभर टक्के भाजलेल्या स्त्रीच्या जबाबावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. अंगठे भाजलेले असताना हे कसे, याचा उलगडा झाला नाही आणि १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जबाब संशयास्पद ठरवला.

घरच्यांनी काय करावे

आधी जीव, मग जबाब. आग विझल्यावर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे; अंगभर भाजले असेल तर शरीर गार पडू देऊ नये. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. चिकटलेले कपडे ओढू नयेत. स्वच्छ कोरड्या चादरीत गुंडाळून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. तिथे पोचल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की, जबाब दंडाधिकाऱ्यांमार्फत लवकर नोंदवला जावा. त्यानंतर बाहेर थांबावे. ‘असं सांग’, ‘तसं सांग’ म्हणू नये. मदत म्हणून घातलेला एक शब्द पुढे तिच्या सगळ्या बोलण्यावर संशय आणतो. जळालेले कपडे धुऊ वा फेकू नयेत; ते पोलिसांकडे द्यावेत.

खरे तर ही गोष्ट जळीत विभागात सुरू होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. यातल्या अनेक जणी आधी कधीतरी ओपीडीत आलेल्या असतात. ‘न्हाणीघरात पडले’, ‘दार लागलं’ असे सांगून औषध घेऊन गेलेल्या असतात. जखमेची जागा आणि सांगितलेले कारण जुळत नसेल, तर सोबतच्याला बाहेर पाठवून ‘घरी कोणी मारतं का?’ असे विचारणे हा तपासणीचाच भाग आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००-०१मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले ते याच विचाराने. हिंसा सोसणारी स्त्री पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते, म्हणून समुपदेशक दवाखान्यात बसवला. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानेही वैद्यकीय मदत हा अशा स्त्रीचा हक्क ठरवला आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते.

त्या ओपीडीच्या कागदावरही जखमेची जागा, आकार, रंग आणि ती काय म्हणाली, हे तिच्या शब्दांत लिहिले गेले, तर तिचे म्हणणे ती हयात असतानाच नोंदले जाईल. मग न्यायालयाला केवळ तिच्या मृत्युपूर्व जबाबावर विसंबावे लागणार नाही, आणि कदाचित तो जबाब घ्यायची वेळही येणार नाही.